अंतिम सामन्यापूर्वींचे एकवीस दिवस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्या खेळास नुसतें 'फुटबॉल' म्हणतात, त्याचा आपल्याकडील फुटबॉलशीं नांवापुरताच संबंध आहे. तेथील व्यावसायिक संघांचा अजिंक्यपदाचा सामना १९६७ सालापासून 'सुपर बोल' या नांवानें ओळखला जात असून सांप्रत तो फेब्रुवारी महिन्यांत होतो. उपांत्य सामने व हा अंतिम सामना यांच्यामध्यें बहुधा दोन आठवडे जातात, आणि तेवढ्या अवधींत भाकितांना नुसता ऊत येतो. कोण जिंकेल, किती गुणांनीं जिंकेल, मागच्या खेपेस या दोघांची गांठ पडली तेव्हां काय झालें होतें, याखेरीज लोकांस दुसरा विषय सुचत नाहीं.

होऊं घातलेल्या सामन्याकडे पाहावें तरी कसें, हा प्रश्न आम्हांस या सर्व भाकितांहून अधिक मोलाचा वाटतो. मागच्या सामन्याचे आंकडे पाहून पुढच्याचा अंदाज बांधणें ही सर्वत्रांची रीत आहे. ती किती फसवी ठरूं शकते हें समजण्यासाठीं १९४० सालच्या अंतिम सामन्यासारखें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. म्हणून त्याचाच येथें थोडा अभ्यास करूं.

प्रथम खेळाची तोंडओळख. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. दोन्ही गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. पायापेक्षां हाताशींच त्याचा संबंध अधिक. ज्या संघाकडे चेंडू असतो त्यास दहा यार्ड पुढें सरकण्यासाठीं चार खेळ्या मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड काटले तर पुन्हां चार खेळ्या, न काटले तर चेंडू प्रतिपक्षाचा. चेंडू घेऊन प्रतिपक्षाची गोलरेषा ओलांडली म्हणजे 'टचडाऊन' झाला. त्याचे गुण सहा, आणि त्यानंतर उभ्या खांबांमधून चेंडू लाथेनें धाडला तर आणखी एक. टचडाऊन साधत नाहींसें दिसल्यास लांबूनच खांबांमधून चेंडू धाडून तीन गुण मिळवितां येतात. हुतुतूंतील अंगाची झोंबी आणि आट्यापाट्यांतील हूल या दोहोंचा मिलाफ या खेळांत आहे. तथापि त्याचें खरें वैशिष्ट्य निराळेंच आहे. प्रत्येक खेळीनंतर खेळ थांबतो, आणि पुढची खेळी कोणती हें ठरविण्यांत येतें. म्हणजे दांडग्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला हा खेळ निम्मा तरी विचारांचा आहे.

आतां १७ नोव्हेंबर १९४० या दिवसाकडे वळूं. त्या दिवशीं वॉशिंग्टन शहरीं वॉशिंग्टनचा 'रेडस्किन्स' संघ (हें नांव तेथील मूळ रहिवाशांस अवमानकारक असल्यामुळें २०२० सालीं टाकून देण्यांत आलें) आणि शिकागोचा 'बेअर्स' संघ यांची गांठ पडली. वॉशिंग्टननें ७ विरुद्ध ३ गुणांनीं सामना जिंकला. पण कसा? शेवटच्या क्षणीं शिकागोचा संघ गोलरेषेच्या अगदीं तोंडाशीं येऊन ठेपला होता. अखेरच्या खेळींत गोलरेषेपलीकडे उभ्या असलेल्या बिल ऑस्मान्स्की याजकडे चेंडू फेंकण्यांत आला. तो त्यास झेलतां आला नाहीं. त्याचे हात प्रतिपक्षानें अडकवून धरले होते, अशी शिकागोची तक्रार होती. पंचांनीं ती मानली नाहीं. वॉशिंग्टन संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनीं वृत्तपत्रकारांपाशीं शिकागोच्या खेळाडूंची रडवे म्हणून संभावना केली, आणि जोर ओसरला कीं कच खाणारा हा संघ आहे अशा अर्थाची पुस्तीहि जोडली. (हे मार्शल म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंस आपल्या संघांत सर्वांच्या शेवटीं, १९६२ सालीं, आणि तेंहि सरकारी दडपणाखालीं जागा देणारे गृहस्थ. तेव्हां मनाचा उदारपणा हा त्यांचा विशेष नव्हता.)

पुढें मोसम संपला तो असा कीं, अजिंक्यपदासाठीं नेमके हेच दोन संघ उरले. सामना ८ डिसेंबरला, त्याच शहरीं, त्याच ग्रिफिथ मैदानावर. मध्यें दिवस एकवीस.

शिकागोचे शिक्षक व मालक जॉर्ज हॅलास यांनीं मार्शल यांच्या उद्गारांचीं कात्रणें खेळाडूंच्या खोलींत भिंतीवर लावून ठेविलीं, ही गोष्ट पुष्कळदां सांगण्यांत येते. ती खरी आहे. परंतु तिला फाजील महत्त्व दिलें जातें असें आमचें मत आहे. राग सर्वांनाच येतो, आणि नुसत्या रागानें दहा यार्ड काटतां येत नाहींत. त्या दिवसांत हॅलास यांनीं केलेलें दुसरें काम अधिक पाहण्यासारखें आहे. त्यांनीं हरलेल्या सामन्याचें चलच्चित्र पुनःपुन्हां पाहिलें.

तें समजण्यासाठीं 'टी' नांवाची रचना माहीत पाहिजे. त्या काळीं बहुतेक संघांत चेंडू मधल्या गड्याच्या पायांमधून कांहीं यार्ड मागें उभ्या असलेल्या धांवणाऱ्याकडे फेंकीत. शिकागोच्या रचनेंत क्वार्टरबॅक हा नायक मधल्या गड्यास अगदीं खेटून उभा राहून चेंडू हातींच घेई, आणि त्याच्यामागें तीन गडी असत. पाठ फिरवून तो चेंडू कोणास देतो, कोणास दिल्यासारखें करितो, हें समोरच्यांस क्षणभर कळत नसे. शिवाय खेळी सुरू होण्यापूर्वींच एक गडी रांगेमागून आडवा धांवूं लागे. शिकागोचा क्वार्टरबॅक सिड लकमन यास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत निराळ्याच पद्धतीचा सराव होता. ही नवी जागा त्यास मोठ्या कष्टानें शिकावी लागली.

पुष्कळ लेखक म्हणतात कीं, १९४० चा सामना टी-रचनेनें जिंकला. आम्हांस हें अर्धेंच पटतें. टी-रचना नोव्हेंबरांतहि होतीच कीं, आणि तेव्हां तिनें तीनच गुण मिळविले! रचना तीच राहिली. बदलला तो तिचा उपयोग. त्या चलच्चित्रांत असें दिसलें कीं, आडवा धांवणारा गडी ज्या बाजूस जाई, त्याच बाजूस वॉशिंग्टनच्या बचावाची दुसरी फळी सरके. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शिक्षक क्लार्क शॉनेसी हे टी-रचनेचे मोठे जाणकार. ते हॅलास यांच्या मदतीस आले. दोघांनीं मिळून विरुद्ध दिशेच्या खेळ्या बसविल्या. गडी एका बाजूस धांवावा, प्रतिपक्षानें त्याच्याकडे वळावें, आणि चेंडू दुसऱ्या बाजूनें निघून जावा.

परंतु या सर्व योजनेस एक धोका होता. वॉशिंग्टननें आपला बचाव बदलला असता तर? म्हणून पहिली खेळी लकमननें केवळ चांचणीसाठीं खेळली. आडवा धांवणारा गडी निघाला, आणि वॉशिंग्टनचे बचाव करणारे नोव्हेंबरांतल्याप्रमाणेंच त्याच्यामागें सरकले. झालें! हवें तें उत्तर मिळालें. दुसऱ्याच खेळींत ऑस्मान्स्की चेंडू घेऊन ६८ यार्ड धांवत गेला. त्याच्या वाटेंत दोन प्रतिस्पर्धी उरले होते. जॉर्ज विल्सन यानें एकाच धडकेंत दोघांनाहि आडवें केलें. सामन्याचें पहिलें मिनिट अजून संपलें नव्हतें.

उरलेला वृत्तांत थोडक्यांत सांगतां येतो. मध्यंतरास २८ विरुद्ध ०. पुढें वॉशिंग्टननें पिछाडी भरून काढण्यासाठीं दूर दूर फेंका केल्या आणि शिकागोनें त्या मध्येंच झेलल्या. एकंदर आठ, त्यांपैकीं तिहींचे तर थेट टचडाऊन झाले. अकरा टचडाऊन दहा निरनिराळ्या खेळाडूंनीं केले. लाथाडलेले चेंडू प्रेक्षकांत जाऊन परत येईनात, तेव्हां अखेरीस पंचांनींच शिकागोस लाथ न मारण्याची विनंति केली. शेवट ७३ विरुद्ध ० असा झाला. त्या व्यावसायिक संघांच्या सामन्यांत इतक्या फरकाचा विजय आजतागायत दुसरा झालेला नाहीं. मैदानावर ३६,०३४ प्रेक्षक होते, आणि अजिंक्यपदाचा सामना रेडिओच्या जाळ्यावरून देशभर ऐकविला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. वॉशिंग्टनच्या पाठीराख्यांनीं ती कशी ऐकिली असेल याची कल्पनाच करावी!

सामन्याच्या आरंभीं गोलरेषेजवळ मोकळ्या असलेल्या मलोन या गड्याच्या हातून वॉशिंग्टनचा चेंडू निसटला होता. तो झेलला जाता तर सामना फिरला असता काय, असें वॉशिंग्टनचा नामांकित फेंकणारा सॅमी बॉ यास विचारण्यांत आलें. शिकागोचे त्र्याहत्तर तसेच राहून आमचें शून्य तेवढें पुसलें गेलें असतें, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. एवढ्या पराभवानंतर इतकें सरळ बोलणें सोपें नसतें.

दोन वर्षांनीं, १३ डिसेंबर १९४२ रोजीं, त्याच मैदानावर हेच दोन संघ पुन्हां अजिंक्यपदासाठीं समोरासमोर आले. शिकागोनें त्या मोसमांतील अकराच्या अकरा सामने जिंकले होते. भाकितें कोणत्या बाजूनें होतीं हें सांगावयास नकोच. वॉशिंग्टनचे शिक्षक रे फ्लॅहर्टी यांनीं सामन्यापूर्वीं खेळाडूंस लांबलचक उपदेश केला नाहीं. त्यांनीं फळ्यावर '७३-०' एवढेंच लिहिलें, असें सांगतात. वॉशिंग्टननें तो सामना १४ विरुद्ध ६ गुणांनीं जिंकला.