चतुर्थीच्या तोंडावर नको

रोहा, 3 मे 2026

चि. बाळास,


काल रात्री वहिनीचा फोन आला. गुडघ्याचं बोलून झालं, पाण्याचं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "वन्सं, तुमच्या भाच्याने कारखाना संगणकावर चढवायचा घाट घातलाय. वाशीहून कोणी माणूस येतो. तीन वर्षांचे पैसे एकदम भरायचेत, 1 जुलैपासून सगळं आपोआप चालणार, आणि हिशेबनीस काकांना गणपतीनंतर येऊ नका म्हणून सांगितलंय." यातलं खरं किती आणि वहिनीच्या काळजीने वाढवलेलं किती, ते तुझं तुला ठाऊक. मला मात्र झोप लागली नाही. फोनवर तू "हो हो आत्या" करून सोडून देतोस, म्हणून लिहायला बसले. पत्र निदान दोनदा वाचशील.

आधी मला सांग, 1 जुलै ही तारीख काढली कोणी? पंचांग उघडून तरी पाहिलंस का? यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. चतुर्थी 14 सप्टेंबरला. गेल्या वर्षी ती 27 ऑगस्टला होती, पुढच्या वर्षी 4 सप्टेंबरला येईल. सूनबाई म्हणाली, त्या माणसाने लॅपटॉपवर ठराविक तारखा लावून दाखवल्या: दर वर्षी अमुक दिवशी साच्यांची यादी निघेल, अमुक दिवशी रंगकामाला माणसं नेमली जातील, अमुक दिवशी व्यापाऱ्यांना बाकीचे निरोप जातील. चतुर्थी दर वर्षी सरकते एवढंही ज्याच्या डोक्यात आलं नाही, तो हमरापूर-जोह्याच्या पट्ट्यात गणपतीच्या कारखान्याला यंत्रणा विकायला येतो आणि तू त्याला दुसऱ्यांदा चहाला बोलावतोस! त्याला विचार, चतुर्थीपासून मागे दिवस मोजून कामं लावता येतात का? ती एक तारीख बदलली की मागची सगळी ओळ आपोआप सरकते का? शिवाय आपलं काम चतुर्थीला कुठे संपतं? साखरचौथीचे गणपती असतात, मग देवी, मग माघी. साखरचौथ म्हणजे काय ते मुंबईच्या माणसाला समजावतानाच जीव जातो, तर यंत्राला ती कोण सांगणार?

आणि हे सगळं चुकलं, अडकलं, तर त्या दिवशी कारखाना हाताने चालवता येईल का? माझी धास्ती एवढीच आहे.

आत्या म्हातारी झाली, तिला संगणकाचं वावडं, असं मनात आणू नकोस. 1984 साली रंगराजन समितीने बँकांत यंत्रं आणायची वाट आखून दिली तेव्हा मी नोकरीत नवी होते. युनियनचा विरोध, बाहेर घोषणा, सगळं पाहिलंय. आमच्या शाखेत पहिलं लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा त्याच्यासमोर बसायला पुरुष मंडळी मागे सरली आणि मी बसले. चिंतामणराव देशमुख रोह्याचे, 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यामुळे आमचे हेड कॅशियर मला चिडवायचे, रोहेकरांना बँक जन्मतःच येते म्हणून.

तुझा वाशीवाला ज्याला वर्कलोड ऑटोमेशन म्हणतो ते आम्ही डे-एंड म्हणून रोज करत होतो. क्लिअरिंग बसलं की खात्यांना नोंदी, नोंदी जुळल्या की व्याज, व्याज लागलं की शिल्लक, मग दुसऱ्या दिवसाची तारीख उघडायची. कामं ओळीने. मधलं एक अडकलं तर पुढचं सुटता कामा नये, आणि अडकल्यावर नेमकं कुठवर झालंय ते कळलं पाहिजे. ते न पाहता पहिल्यापासून परत चालवलंस तर व्याज दोनदा लागतं. सगळं सुरळीत असताना काम पळवून दाखवणं कोणालाही जमतं. म्हणून त्या माणसाला म्हण, माझ्यासमोर ते मुद्दाम मध्येच बंद पाड आणि मग काय होतं ते दाखव. व्यापाऱ्याला निरोप दोनदा जातो का, विसार दोनदा जमा दिसतो का, निम्मी झालेली ऑर्डर हरवते का. तो हसून विषय बदलायला लागला तर उठ.

"मोठ्या बँका हेच वापरतात," असंही तो म्हणाला म्हणे. वापरतात की. 2012 च्या जूनमध्ये विलायतेत रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने रात्रीची कामं ओळीने लावणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, बिनसलं म्हणून मागे घेतली, आणि कामांची ओळच विस्कटली. 65 लाख गिऱ्हाइकांना झळ बसली. कोणाचा पगार दिसेना, कोणाला पैसे काढता येईनात. त्यांच्या आयर्लंडमधल्या अल्स्टर बँकेचं तर कित्येक आठवडे निस्तरत नव्हतं. पुढे 2014 मध्ये 5 कोटी 60 लाख पौंड दंड झाला. त्यांच्याकडे माणसं होती, पैसा होता, तरी हे. तुझ्याकडे चतुर्थीच्या आधीच्या पंधरा दिवसांत काय आहे? गेटवर उभे टेम्पो आणि गोठलेल्या पडद्यासमोर बसलेली सूनबाई. त्या वेळी वाशीवाला फोन उचलेल असं तुला वाटतं?

कंट्रोल-एमसारखं बँकांचं सॉफ्टवेअर रात्रीत हजारो कामं चालवायला असतं. आपल्याला इतकंच हवं, की ऑर्डर कोणाची, किती इंचाची, साच्यातून निघाली का, सुकली का, रंगावर गेली का, पैसे आले का, टेम्पो कधी. एवढ्यासाठी झोहोचं काहीतरी चालेल, किंवा मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट आहे, ते तर मुक्त आहे. लावून द्यायला माणूस लागेल, त्याचे पैसे पडतील, पण उद्या तो माणूस बदलला तरी वस्तू आपल्याकडे राहते. मी काही यांची दलाल नाही. तीन वर्षांचे पैसे आधी भरून नंतर आपलीच गिऱ्हाइकांची यादी बाहेर काढता येत नाही, असं होऊ नये म्हणून सांगते. करारात बघ: सोडून जाताना सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात मिळतील असं लिहिलंय का? नसेल तर एका वर्षाचीसुद्धा सही करू नकोस. आणि श्रावणात हमरापूरला वीज गेली, नेट गेलं, तर फोनवर यादी दिसते का तेही विचार.

अजून एक. काम वाटून देण्याची जी सोय त्याने दाखवली, ती सूनबाईला फार आवडली. इतक्या मूर्ती, इतकी माणसं, भागाकार केला की झालं. बाळा, तू त्या कारखान्यात वाढलास. साच्यात ओतायला कोणीही चालतो, घासायला नवा पोरगा बसवता येतो, अंगरंग आठवड्यात शिकवता येतो. डोळ्यांची आखणी? तिथे दोनच हात आहेत, आणि त्यातलाही एक पाऊस लागला की दम्याने बसतो. सगळ्या मूर्ती त्या दोघांपुढे येऊन थांबतात. यंत्राला तीस माणसं सारखीच दिसत असतील तर ते त्या दोघांना सुकवणीच्या दिवसांत "रिकामे" दाखवेल आणि घासकामाला लावेल. दादा त्यांना त्या दिवसांत मुद्दाम मोकळं ठेवायचा, का ते तुला ठाऊक आहे. त्या माणसाला सांग, कोणतं काम कोणाच्याच हातचं आहे हे आधी भरू दे, मग भागाकार.

गेल्या वर्षीचं आठव. वर्षाच्या सुरुवातीला पीओपीवर बंदी म्हणून सगळे हात बांधून बसले. मग 9 जूनला उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला, विकायला मोकळीक दिली, विसर्जन मात्र नैसर्गिक पाण्यात नको म्हणून. अडीच महिने हातात. शाडूच्या ऑर्डरी तशाच, वर पीओपीच्या आल्या. सुकवायच्या फळ्या कमी पडल्या, क्रम पार बदलला. तेव्हा हिशेबनीस काकांनी एका रात्रीत वही उलटीपालटी करून सगळं नवं लावलं. तेच यंत्रात करायचं तर पायऱ्या तुला स्वतः बदलता येतील, की वाशीला तक्रार नोंदवून वाट पाहायची? उत्तर दुसरं असेल तर मला पुढचं काही सांगू नकोस.

आणि त्याच काकांना तू घरी बसवणार? मला हे खोटंच निघायला हवं आहे. कोणता व्यापारी पितृपक्षात पैसे चुकते करतो, कोण दिवाळी उलटली तरी देत नाही, कोणाला विसाराशिवाय मूर्ती हलवू द्यायची नाही, हे त्यांच्या डोक्यात आहे, कुठल्याही वहीत नाही. यंत्रात भरायचं तेच तर आहे! सूनबाईला त्यांच्या शेजारी बसव, संध्याकाळी तासभर, आणि ते काय करतात, का करतात ते लिहून काढायला सांग. ते कागद झाल्याशिवाय कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं हे तुला कळणारच नाही. आपलं काम आपल्याला सांगता आलं नाही की विकणारा म्हणेल ते आपलं काम.

मी एवढी का चिडते ते तुला कोणी सांगितलं नसेल. दादाला माहीत होतं. नव्वदच्या सुमारास बँकेने मुंबईला संगणक विभागासाठी काही जण निवडले, त्यात माझं नाव होतं. आतलं सगळं शिकवणार होते, प्रोग्रॅम कसा लिहितात इथपासून. आईला अर्धांगवायू झालेला, दादाचा कारखाना तेव्हा पत्र्याखाली, आणि बाईमाणूस एकटी मुंबईत राहणार कुठे यावर घरात चर्चा. मी जाते असं तोंडातून निघालंच नाही. कोणी अडवलं असंही नाही, पण कोणी विचारलंही नाही. मग पुढची सगळी वर्षं, डे-एंड अडकला की मुंबईहून माणूस यायचा, माझ्याच खुर्चीत बसायचा, पाच मिनिटं काही टाईप करायचा, आणि मी शेजारी उभी. काय केलंत विचारलं तर म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला नाही कळायचं." मला कळलं असतं रे. आजही त्याचा राग जात नाही. तुझ्या स्वतःच्या कारखान्यात तू तसा उभा राहू नयेस.

लिहिता लिहिता फार बोलले. तू हे हौसेने करत नाहीस, तेही मला समजतं. दादाचा शेवटचा हंगाम मी पाहिलाय. रात्री दोनला वही मांडीवर, सकाळी सहाला टेम्पो, डॉक्टरांकडे जायचं ते विसर्जनानंतर बघू म्हणून ठेवलेलं. तुझंही तसं होऊ नये म्हणूनच तू यंत्र शोधतो आहेस, हे वहिनीला कळत नाही, मला कळतं. घे, जरूर घे. दादालाही आवडलं असतं. पेणमध्ये मोबाईलवरून फोटो पाठवून परदेशची ऑर्डर घेणाऱ्यांत तो पहिल्या काही जणांत होता, तेव्हाही लोक हसले होते.

फक्त यंदाच्या चतुर्थीच्या तोंडावर नको. यंदा वहीच चालू दे. साखरचौथ उरकली की माघी गणपतीच्या थोड्या ऑर्डरी यंत्रात घाल, आणि तो हंगाम वही आणि यंत्र दोन्ही बरोबर चालव. आम्ही बँकेत तसंच केलं, हाताचं लेजर आणि यंत्राचं, दोन्ही पैशापैशाला जुळेपर्यंत. दुप्पट काम पडतं, लोक कुरकुरतात, पण माघी लहान असते, झेपेल. जुळलं तर पुढच्या भाद्रपदाला खुशाल सोडून दे त्याच्यावर. तरीही काकांची वही कपाटात असू दे.

दादाच्या जुन्या वह्या रद्दीत घातल्या असल्या तर मात्र मला सांगू नकोस. घातल्या नसल्या तर एक मला दे. त्यात ज्या वर्षी आई गेली त्या वर्षीची असेल तर ती.

पैसे भरायला उशीर झाला म्हणून तो माणूस सवलत काढून घेईल असं म्हणत असेल, तर काढून घेऊ दे. किती फरक पडतो ते मला कळव; माझी मुदत ठेव पुढच्या महिन्यात सुटते, आणि मी एकटी, मला लागतं किती?

येत्या रविवारी दिवा-रोहा गाडीने ये. एकटा नको, सूनबाईला आण, लेकराला आण, आणि जमलं तर काकांनाही. कराराचे कागद पिशवीत टाक, आपण जेवणानंतर ओळ न् ओळ वाचू. वालाचं बिरडं करते, तुला लहानपणापासून आवडतं. येताना वहिनीच्या हातचे पोह्याचे पापड आण. आणि रात्री जागू नकोस.

सही मात्र रविवारपर्यंत करू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझी
आत्या