पहिला स्वेटर स्वतःचा

नाशिक

चि. मनूस,


काल फोनवर विचारलंस, पहिला स्वेटर बाबांसाठी विणू का? नको. आपल्या घरात बाळांच्या कुंच्या झाल्या, जावयांचे मफलर झाले आणि विणणाऱ्या बायका जुनी शाल पांघरून बसल्या. तू स्वतःसाठी वीण. रोज अंगात चढेल असा, साधा. वेण्या-जाळ्या पुढच्या वर्षी.

माप अंगावर घेऊ नकोस. तुला आवडणारा जुना स्वेटर पलंगावर सपाट पसर आणि टेप लाव. तुझी छाती 36 इंच, म्हणजे घेर 40 तरी हवा, आत कुडता मावला पाहिजे. लांबी दोन इंच जास्तच धर. स्कूटरवर बसलं की आखूड स्वेटर वर सरकतो आणि कमरेत गार वारा शिरतो.

आता नमुना. इथे सगळ्या आळस करतात, मीही केला होता. लोकरीच्या वेष्टनावरचा आकडा खरा मानून इंचाला साडेपाच टाके धरले आणि 220 टाक्यांचा हिशेब मांडला. माझा हात सैल. प्रत्यक्षात पडले पाच. अर्ध्या टाक्याची ती चूक, पण 40 चा घेर 44 झाला. तो स्वेटर तुझा बाबा अजून घालतो, दूध आणायला जाताना.

तेव्हा आठ नंबरच्या सुयांवर सहा इंचांचा चौकोन वीण. कोमट पाण्यात धू, पिळू नकोस, टॉवेलवर आडवा वाळव. मग मधल्या चार इंचांतले टाके मोज, कडेचे फसवतात. टाके कमी भरले तर नऊ नंबर घे. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, हे विसरू नकोस. बॉर्डर मात्र दहावर, दोन सुलट दोन उलट.

इंचाला साडेपाच जमले तर पाठीला 110, पुढच्या भागाला 110. बाहीसाठी एलिझाबेथ झिमरमन या बाईंचा हिशेब मला पटतो: अंगाचे सगळे टाके शंभर धरले तर मनगटाशी वीस, दंडाशी तेहेतीसच्या आसपास. म्हणजे तुझे 44 आणि साधारण 73. मनगटाला शिवणीचे दोन वाढवून 46 घाल, बॉर्डरही बरोबर बसेल. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी एकदम वीण. वेगवेगळ्या विणल्या की एक हमखास लांब होते. (माझ्या मते बाही हेच विणकामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम.)

लोकर एकाच लॉटची घे, एक गुंडा जास्त. रंग तुझ्या आवडीचा, पांढरा सोडून.

टाका निसटला तर घाबरून ओढू नकोस. खाली शिडी दिसेल, तिच्या एकेका पायरीत क्रोशाची सुई घालून टाका वर आण. चूक दहा ओळी खाली दिसली, तर उसव. उसवलेली लोकर कुरळी होते, तेवढंच.

नमुना धुऊन वाळला की आकडा कळव. फोटो नको, मला त्यात टाके मोजता येत नाहीत. आणि बाबाला इतक्यात सांगू नकोस. हाही आपल्याकडेच येणार असं त्याला वाटेल.

तुझी,
आत्या