शिवलेली नस

कापणीत विळा लागून कधी हाताची नस तुटते. ही रक्ताची शीर नव्हे. हिच्यामुळे आपल्याला स्पर्श कळतो, बोटे हलतात. डॉक्टर ती शिवतात.

टाके निघाले म्हणजे हात बरा झाला, असे आपण समजू नये. नस दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. महिन्याला जेमतेम १ इंच. कोपरापासून बोटांपर्यंत यायला तिला वर्षाहून अधिक काळ लागतो.

तोवर बोटे बधिर असतात. चटका कळत नाही. म्हणून चुलीजवळ हाताकडे नजर ठेवू या. हात शेकू नये.

डॉक्टर सांगतील तेव्हापासून दुसऱ्या हाताने बोटे रोज उघडू-मिटू या. नाही तर सांधे आखडतात. मग नस पोचली तरी मूठ वळत नाही.

मुंग्या आल्या तर भिऊ नये. पुष्कळदा ती नस वाढत असल्याची खूण असते.