साथीच्या काळातील परदेश दौरा : चाचणी, दाखला आणि विमा

परदेशी तिजारत करणाऱ्या बांधवांना साथीचा तडाखा काही नवा नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा आखाती देशांनी भारताची विमाने बंद केली आणि कापडबाजाराचा माल जागच्या जागी पडून राहिला. कोविडमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर घडले. २३ मार्च २०२० ला बंद झालेली आपली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. मधल्या दोन वर्षांत मोजकी विमाने उडत होती आणि त्यात बसण्यासाठी तिकिटापेक्षा कागद महत्त्वाचे होते. कोविडची जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्ये संपली. पण साथ पुन्हा येऊ शकते. म्हणून त्या काळाने शिकवलेला धडा आपल्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवणे फायद्याचे आहे.

तासांचा हिशेब

दुबईचे उदाहरण घेऊ. २०२१ च्या उत्तरार्धात भारतातून दुबईला जाणाऱ्यास ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल लागे. शिवाय निघण्यापूर्वी सहा तासांच्या आत विमानतळावर रॅपिड पीसीआर करावी लागे आणि दुबईत उतरल्यावर आणखी एक चाचणी होई. यातील ४८ तास अहवाल हाती आल्यापासून नव्हे, तर नमुना दिल्यापासून मोजले जात.

समजा, विमान सोमवारी पहाटे ४ वाजता आहे. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता नमुना दिला तर त्या अहवालाची मुदत रविवारी संध्याकाळी ६ लाच संपली. शनिवारी संध्याकाळी ६ ला दिला तर उड्डाणापर्यंत ३४ तास होतात. अहवाल यायला रविवारचा दिवस मिळतो आणि विमान उशिरा सुटले तरी १४ तास हाताशी राहतात. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या माणसाने यात मुंबईपर्यंतचा प्रवासही धरावा. मुदत किती, ती कोठून मोजायची, कोणती लॅब चालते आणि अहवालावर क्यूआर कोड लागतो का, हे चारही प्रश्न एअरलाइनला तिकीट काढण्यापूर्वी विचारावेत. हे नियम आठवड्या-आठवड्याला बदलत होते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावे.

क्यूआर कोडची सक्ती खोट्या अहवालांना आळा घालण्यासाठी होती. कोणी एजंट "नमुन्याशिवाय अहवाल आणून देतो" म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नये. तो गुन्हा आहे, आणि आजारी माणूस विमानात बसला तर शेजारच्याच्या जिवाशी खेळ होतो.

नावाची भानगड

आपल्या लोकांची खरी अडचण येथे आहे. पासपोर्टवर "मोहम्मद", आधारवर "मो.", लॅबच्या पावतीवर "महंमद"! कोणाचे आडनाव पासपोर्टवर आहे, तर दाखल्यावर नाही. काउंटरवरचा कर्मचारी अक्षर न् अक्षर जुळवतो. म्हणून नमुना देताना पासपोर्टच समोर ठेवावा, नाव त्यावरूनच लिहून घ्यावे आणि अहवालावर पासपोर्ट नंबर टाकून घ्यावा. कोविन दाखल्यावर पासपोर्ट नंबर जोडण्याची सोय जून २०२१ मध्ये झाली, ती याच कारणासाठी.

विमा घेताना

भारतातील मेडिक्लेम बहुधा भारतापुरताच असतो. परदेशासाठी वेगळी पॉलिसी लागते. काही ठिकाणी ती सक्तीचीच आहे : युरोपातील शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण दाखवावे लागते. विम्याबद्दल शरई शंका असल्यास आलिमांना विचारून घ्यावे. पॉलिसी घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) साथीचा आजार पॉलिसीत धरला आहे की वगळला आहे? हे तोंडी न ऐकता कलमात वाचावे.

२) इस्पितळाचा खर्च आणि क्वारंटाइनच्या हॉटेलचा खर्च या वेगळ्या बाबी आहेत. दुसरा खर्च स्पष्ट लिहिला नसेल तर मिळेल असे धरू नये.

३) साखर, रक्तदाब, हृदयविकार लपवू नये. लपवलेला आजार दावा फेटाळण्याचे कारण होतो.

४) सरकारने "जाऊ नका" असे सांगितलेल्या देशात गेल्यास संरक्षण राहते का, ते पाहावे.

५) मुक्काम लांबल्यास पॉलिसी संपण्याआधी वाढवून घ्यावी. मदतीचा फोन नंबर खिशात ठेवावा आणि बिले जपावीत.

सौद्याची एहतियात

निघण्याच्या दिवशी चाचणी पॉझिटिव्ह आली तर? तिकीट, हॉटेल आणि प्रदर्शनातील स्टॉलचे पैसे अडकतात. म्हणून तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे. नमुन्यांचा एक संच कुरिअरने आधीच पाठवावा. तिकडच्या विश्वासू माणसास सौद्याचे लेखी अधिकारपत्र द्यावे. एल.सी.मधील माल रवाना करण्याच्या तारखेत सैलपणा मागून घ्यावा. २०२० च्या जूनमध्ये चीनच्या कँटन फेअरनेही दुकाने ऑनलाइन मांडली. घरबसल्या माल दाखवण्याची तयारी आपल्याकडेही असावी.

आजही लागणारा कागद

कोविडचे दाखले गेले, पण पीतज्वराचा दाखला कायम आहे. केनिया, नायजेरिया, घाना यांसारख्या आफ्रिकी देशांत कापड विकणाऱ्यांना तो लागतो. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, कारण दाखला दहा दिवसांनी लागू होतो. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. परतताना तो नसेल तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागते.

पासपोर्ट, दाखले आणि पॉलिसी यांच्या दोन-दोन प्रती काढाव्यात. एक संच घरी, एक बॅगेत. मालाचे भाव घासाघीस करून कमी-जास्त होतात, पण विमानतळाच्या काउंटरवर घासाघीस चालत नाही.