आगमनकाळात घाई नको

प्रिय सोनू,


आगमनकाळातल्या उपासना यंदा तरुण संघाकडे आल्या आणि त्यांची जबाबदारी तुझ्यावर पडली, हे कळून फार बरं वाटलं. तू पाठवलेला आराखडाही पाहिला. पहिल्या रविवारी कॅरल, दुसऱ्या रविवारी नाटुकलं, तिसऱ्याला सांताक्लॉज. मग २५ डिसेंबरला काय उरणार, तूच सांग.

हे चार रविवार वाट पाहण्याचे. कॅरल चौथ्या रविवारपर्यंत आवरून धर. पहिल्या रविवारी यशया वाच, पुढे लूकचा पहिला अध्याय. पण तो एका दमात उरकू नकोस. जखऱ्या एका रविवारी, मरीया अलीशिबेकडे जाते तो भाग दुसऱ्या रविवारी. देवदूताच्या बोलण्यावर विश्वास बसला नाही म्हणून जखऱ्या या म्हाताऱ्या याजकाची वाचा गेली, ती बाळाचं नाव ठेवेपर्यंत परत आली नाही. एवढं वाचून झाल्यावर कीबोर्डवाल्याला लगेच सुरू होऊ देऊ नकोस. मिनिटभर कुणी काही बोलू नये. लोक चुळबुळ करतील, एखादं पोर रडेल. रडू दे.

भजन ना. वा. टिळकांचं घे. ‘उपासना संगीता’त त्यांची भजनं आहेतच, आणि गोंदियाकरांनी ती जरा हक्कानं म्हणावीत. टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते, तेव्हा गाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. तो रूळ तुझ्या गोंदियावरूनच जातो. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक त्यांना सोडवेना. तरी ते दुसऱ्या दिवशी उठून ख्रिस्ती झाले नाहीत. मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर आकांत मांडला, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळं सोडलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. पुढे नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुरं केलं. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ तू अजून वाचलं नसशील, तर नाताळच्या सुटीची वाट पाहू नकोस. (तेवढ्यापुरती घाई चालेल.)

भजन हिंदीत की मराठीत, हा वाद तू एका बैठकीत मिटवणार म्हणतेस. हसू आलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तोही आगमनकाळाचा पहिलाच रविवार. त्याची बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. सहा मंडळ्या एकत्र यायच्या होत्या. कुणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, कुणी मोठेपणीच देणारे. कुणाकडे बिशप, कुणाला बिशप नकोच. चाळीस वर्षांत किती म्हातारे एकमेकांवर वैतागले असतील! तू निदान या वर्षी वाद जिंकायला जाऊ नकोस. वाचन मराठीत ठेव, एक भजन हिंदीत घे, आणि छत्तीसगढकडच्या कुटुंबांतल्या कुणाला तरी त्यांच्या बोलीत प्रार्थना करायला सांग. पाळकसाहेबांना मात्र आधी विचार. परस्पर ठरवलंस की चांगली गोष्टही त्यांना खटकते, आणि ते रास्तच आहे.

आता वेळेचं. खेड्यावरची माणसं या दिवसांत धानात अडकलेली असतात. कुणाचं चुरणं चालू, कुणाची पोती खरेदी केंद्रावर नंबर लावून पडलेली. ती उशिरा येणार हे धरूनच चाल. त्या त्या रविवारची मेणबत्ती उपासनेच्या आरंभी लावू नकोस, दुसऱ्या भजनानंतर लाव, म्हणजे त्यांनाही ती लागताना दिसेल. आणि ती दर वेळी तूच लावू नकोस. एखाद्या रविवारी धान सोडून आलेल्या माणसाला पुढे बोलाव.

चौथ्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं येतोय. अलीशिबेचा भाग तोवर झाला नसला, तर तो मला वाचायला दे.

तुझा
मामा
नागपूर