अनियमित मासिक रक्तस्राव : नोंद, निदान आणि योग्य वेळ

सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तस्वकीय यांच्यासाठी या अहवालात जमाखर्चाबरोबरच एक आरोग्यविषयक लेख देत आहोत. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. तथापि रुग्णालयाचे प्रशासन पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ताप आला की माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो. मासिक पाळीची तक्रार मात्र स्त्रिया महिनोन्‌महिने अंगावर काढतात. म्हणून हा विषय येथे मुद्दाम घेतला आहे.

नियमित कशास म्हणावे?

पाळी दर महिन्याच्या त्याच तारखेस आली पाहिजे, हा समज बरोबर नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर प्रौढ स्त्रीमध्ये २४ ते ३८ दिवस असू शकते. रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत राहणे हेही स्वाभाविक मानले जाते. अंतर याहून कमी किंवा जास्त होणे, स्राव लांबणे, गाठी पडण्याइतका किंवा दैनंदिन कामे थांबविण्याइतका जास्त होणे, दोन पाळ्यांच्या मध्ये अथवा पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त दिसणे, तसेच पाळी बंद होऊन एक वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, या साऱ्या गोष्टी तपासणीस पात्र आहेत.

अनियमित रक्तस्राव हा एक आजार नसून अनेक आजारांचे समान लक्षण आहे. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने २०११ साली गर्भावस्थेव्यतिरिक्तच्या कारणांचे नऊ गट ठरविले. त्यांपैकी चार गट गर्भाशयाच्या रचनेतील बदलांचे आहेत : अस्तरावरील कोंब, अस्तराचा स्नायूंत शिरकाव, स्नायूंच्या गाठी म्हणजे फायब्रॉइड, आणि कर्करोग अथवा त्यापूर्वीची अस्तराची वाढ. उरलेल्या पाच गटांत रक्त गोठण्यातील दोष, स्त्रीबीज वेळेवर न सुटणे, अस्तराचे विकार, औषधे व साधने यांचे परिणाम आणि इतर कारणे येतात.

वयानुसार कारणे

पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत स्त्रीबीज नियमित सुटत नाही, त्यामुळे मुलींची पाळी मागेपुढे होते. ती बहुधा आपोआप स्थिरावते. परंतु अशा वयात रक्तस्राव फार होत असेल, दात घासताना रक्त येत असेल किंवा अंगावर सहज काळेनिळे डाग उठत असतील, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष आहे काय हे पाहावे लागते.

विवाहित तरुण स्त्रीच्या बाबतीत प्रथम गर्भधारणेची तपासणी करतात. पाळी चुकल्यानंतर रक्तस्रावाबरोबर पोटात तीव्र कळ येत असेल, तर गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता असते आणि तेथे तासांचाही विलंब जिवावर बेतू शकतो. याशिवाय थायरॉइडचा विकार, बीजकोषाचा पीसीओडी हा विकार, तांबी, गर्भनिरोधक गोळ्या ही नेहमी आढळणारी कारणे होत. आपल्या कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेण्याची पद्धत आहे. गोळ्या अनियमित घेतल्यास मध्येच रक्तस्राव होतो, आणि थांबविल्यावर येणारी पाळी कधीकधी जास्त जाते. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या सुमारास चक्र विस्कळीत होणे स्वाभाविक आहे. मात्र “वयच तसे आहे” असे म्हणून ते सोडून देऊ नये. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव एकदाच व थेंबभर असला तरी तपासून घ्यावा. बहुतेक वेळा कारण साधे निघते, परंतु काहींमध्ये तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो.

मौनाची किंमत

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या मात्र केवळ ८ टक्के होत्या. या विषयावर बोलण्याचा संकोच आपल्या जिल्ह्यालाही नवा नाही. दापोली तालुक्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातील र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून असे विषय उघडपणे मांडले, आणि त्यासाठी खटलेही सोसले.

मौनाची पहिली किंमत म्हणजे पंडुरोग, अर्थात रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता. त्याचे मुख्य कारण आहारातील लोहाची उणीव असले, तरी दरमहा जास्त जाणारे रक्त ही तूट वाढविते.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभी काहीच लक्षण दाखवीत नाही. रक्त दिसते तोवर तो पुष्कळदा वाढलेला असतो. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटास एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी देऊ केली होती, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. म्हणून तिशीनंतर तक्रार नसतानाही तपासणी करून घेणे हिताचे आहे.

घाईचीही किंमत

दुसऱ्या टोकाचे उदाहरण बीडचे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रश्नावर शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली होती. पिशवी काढणे काही रुग्णांस अपरिहार्य असते, हे खरे. परंतु लोह, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरके, गर्भाशयात बसवावयाचे संप्रेरकयुक्त साधन, दुर्बिणीद्वारे कोंब काढणे असे अनेक उपाय आधी असतात. शस्त्रक्रियेत बीजकोषही काढले गेल्यास कमी वयातच ऋतुनिवृत्ती येते व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. तेव्हा निदान काय, दुसरा उपाय आहे काय, बीजकोष राहणार काय, हे तीन प्रश्न कुटुंबाने अवश्य विचारावेत.

कुटुंबाने काय करावे?

रोजकीर्द लिहिली नाही तर ताळेबंद जुळत नाही. तसेच येथे आहे. भिंतीवरील दिनदर्शिकेत पाळीचा पहिला व शेवटचा दिवस, लागलेल्या पॅडची वा घड्यांची संख्या आणि घेतलेली औषधे लिहून ठेवावीत. तीन महिन्यांची अशी नोंद डॉक्टरांना निदानास मोठे साहाय्य करते. मात्र तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, गर्भारपणाची शक्यता असेल किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसले असेल, तर नोंदीसाठी थांबू नये. तपासणीत सामान्यतः हिमोग्लोबिन, गर्भधारणा व थायरॉइडची चाचणी, सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार अस्तराचा नमुना यांचा समावेश असतो.

कोकणातील कित्येक घरांत कर्ता पुरुष मुंबईस असतो आणि लावणी, गुरे, म्हातारी माणसे सांभाळणारी स्त्री स्वतःचे दुखणे शेवटी ठेवते. तिला दवाखान्यात जाण्यास सांगणारे माणूस घरातच असावे लागते. देणगीदारांच्या साहाय्याने तपासणीचा खर्च हलका करता येतो. परंतु तपासणीपर्यंतचे पहिले पाऊल कुटुंबानेच उचलावयाचे आहे. ते वेळेवर उचलले जावे, हीच या लेखामागील नम्र विनंती.