ईआरपी शिकण्यापूर्वी : नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांसाठी



पूज्य बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या तीन आदेशांपैकी पहिला शिकण्याचा आहे. मात्र काय शिकावे व कसे शिकावे, याचा विचार प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो. गोंदिया जिल्ह्यातील आपली बी.कॉम., बी.ए., एम.बी.ए. झालेली मुले-मुली आज 'एसएपी'चा क्लास करण्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादच्या अमीरपेठेत जातात. बिझनेस अ‍ॅनालिस्ट व्हावे हे त्यांचे ध्येय असते. ध्येय चांगलेच आहे. परंतु आम्ही बँकेत काम करीत असल्यामुळे फीसाठी कर्जाची चौकशी करणारे पालक आम्हाला भेटतात आणि प्रमाणपत्र हाती असूनही घरी बसलेली मुलेही भेटतात. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

ईआरपी म्हणजे काय?

कंपनीची खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार व हिशेब ही सर्व कामे एकाच माहितीसाठ्यावर चालविणारी संगणक प्रणाली म्हणजे ईआरपी. बँकेच्या एका शाखेत भरलेली रक्कम दुसऱ्या शाखेत लगेच दिसते, त्याचप्रमाणे येथे गोदामात माल उतरल्याची नोंद होताच ती हिशेबातही उमटते. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ साली जर्मनीत एसएपी ही कंपनी सुरू केली. ईआरपी हे नाव मात्र १९९० च्या दशकात रूढ झाले.

बिझनेस अ‍ॅनालिस्ट सहसा प्रोग्राम लिहीत नाही. मालक, मुनीम व गोदामातील माणूस यांचे काम तो समजून घेतो आणि प्रोग्राम करणाऱ्याला कळेल अशा नेमक्या भाषेत लिहून देतो. त्यामुळे योग्य प्रश्न विचारता येणे हेच त्याचे खरे भांडवल होय.

उदाहरण आपल्याच राईस मिलचे

आपल्या जिल्ह्यात आधारभूत किमतीने खरेदी झालेले धान मार्केटिंग फेडरेशन व आदिवासी विकास महामंडळामार्फत भरडाईसाठी राईस मिलकडे जाते. शंभर क्विंटल धानामागे अरवा तांदूळ ६७ क्विंटल किंवा उष्णा तांदूळ ६८ क्विंटल शासनाकडे जमा करावा, असे प्रमाण ठरलेले आहे.

आता विचार करा. हे धान कोणाच्या मालकीचे? शासनाच्या. मिलला भरडाईचा मोबदला मिळतो. नवशिक्याने ते 'खरेदी' म्हणून नोंदविले, तर जो माल मिलचा नाही तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसेल आणि न घेतलेले देणेही उभे राहील. तीच मिल शेतकऱ्यांकडून स्वतःसाठीही धान घेत असेल, तर दोन्ही साठे वेगळे ठेवावे लागतील. तांदूळ वजनावर, पण बारदाना नगावर मोजावा लागतो. कोंडा, कनकी व तूस यांची नोंद कोठे करावी? खरेदीच्या वेळी धानात ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. साठ्यात तो कमी झाला की वजन घटते, ती घट कोणाच्या नावे टाकावी? हे प्रश्न ज्याला सुचले, तो अर्धा अ‍ॅनालिस्ट झालाच. मिलच्या अंगणात वाढलेल्या आपल्या मुलांना हे ज्ञान फुकट मिळू शकते.

सराव कसा करावा?

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने तयार केलेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्त प्रणाली आपल्या संगणकावर विनामूल्य वापरता येते. तीत एक काल्पनिक मिल उभी करावी व एका हंगामाच्या नोंदी स्वतः कराव्यात. पुढे दहा पानांत कामाची पद्धत, अडचणी व प्रणालीकडून असलेल्या अपेक्षा लिहाव्यात. मुलाखतीत ही दहा पाने बोलतील. एसएपीचेही अनेक प्राथमिक पाठ मोफत उपलब्ध आहेत. पैसे भरावयाचेच असतील तर आधी दोन गोष्टी विचाराव्यात : प्रत्यक्ष सरावासाठी प्रणाली किती तास मिळेल? आणि शिकवितात ती २०१५ साली आलेली एस/४ हाना की जुनी ईसीसी? ईसीसीची मुख्य देखभाल २०२७ अखेर थांबविण्याचे एसएपीने जाहीर केलेले आहे. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितलेली स्वतः पडताळून पाहण्याची कसोटी जाहिरातीलाही लावावी.

खोट्या अनुभवाचा मोह

काही ठिकाणी दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव दाखविण्याचा सल्ला दिला जातो. हा चौथ्या शीलाचा उघड भंग आहे. शिवाय कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी तपासतात. खोटे उघड झाल्यास लागलेली नोकरीही जाते. त्यापेक्षा ईआरपी वापरणाऱ्या एखाद्या कारखान्यात भांडार किंवा हिशेब विभागात लहान पदावर सुरुवात करावी. पगार कमी असेल, परंतु मिळालेला अनुभव खरा असेल व तो कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच.

समाजबांधवांना आमची विनंती आहे की, विहारातील एक खोली व एक संगणक सायंकाळी विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध करून द्यावा. आपल्यातील निवृत्त लेखापाल, अभियंते व मुनीम यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पालकांनी त्यांच्याशी एकदा बोलावे. एका कुटुंबाचे कर्ज टळले व एक मुलगी आपल्या बळावर नोकरीस लागली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!